महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापूर्वी

मुलांची शिक्षणे आटोपली, घराचे हप्ते फिटले, की अनेक घरांतून एक जुनी हौस पुन्हा डोके वर काढते. माळ्यावरच्या रेकॉर्ड खाली येतात आणि ‘आता एकदाच काय तो उत्तम अ‍ॅम्प्लिफायर घेऊ’ असा बेत ठरतो. दुकानात गेल्यावर मात्र किमती लाखांच्या घरात जातात. फंडाचे पैसे मोडण्यापूर्वी ही किंमत नेमकी कशाची, हे समजून घेतलेले बरे.

इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एका पेटीत दोन यंत्रे. पहिले यंत्र रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर किंवा टीव्ही यांपैकी काय ऐकायचे ते निवडते व आवाज कमी-जास्त करते. दुसरे त्या क्षीण आवाजाला स्पीकर हलवण्याइतके बळ देते. घरगुती ऐकण्यासाठी ही जोडपेटीच सोयीची. जागा कमी लागते आणि तारांचे जंजाळही होत नाही.

वॅटचा हिशेब

१९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार वॅट ‘पीएमपीओ’ची चकचकीत लेबले असत. त्या आकड्याला सर्वमान्य मोजमापच नव्हते. म्हणून माहितीपत्रकात ‘८ ओहमला, दोन्ही चॅनेल चालू असताना, सतत इतके वॅट’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे. अमेरिकेत तर अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ साली सरकारी नियमच करावा लागला.

गरज किती असते? घरगुती स्पीकर साधारणपणे १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतात. बाकीची शक्ती तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठी राखीव. ५०चे १०० वॅट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते! ‘एनएडी’ कंपनीचा १९७८ साली आलेला ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर चॅनेलमागे अवघ्या २० वॅटचा आणि स्वस्त होता. तरीही शौकीन आजही त्याचे नाव घेतात.

पैसे कोठे जातात?

चांगल्या पेटीत पैसा जातो तो भक्कम वीजपुरवठ्यात. ८ ओहमला ६० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला शंभराच्या पुढे जात असेल, तर त्यात दम आहे असे समजावे. अवघड स्पीकर चालवताना हाच दम कामी येतो. त्यापुढची किंमत बरेचदा जाड अ‍ॅल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीची आणि नावाची असते. ‘एक लाख हर्ट्झपर्यंत’ अशा दाव्यांना तर भुलूच नये. निरोगी तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ही मर्यादा खाली येते. साठीतल्या श्रोत्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

आवाजातला सर्वांत मोठा फरक स्पीकर आणि खोली करतात. म्हणून अंदाजपत्रकातील मोठा वाटा स्पीकरसाठी ठेवावा आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यांना साजेसा निवडावा. उघड्या फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यानेही घुमणारा आवाज सुधारतो.

ऐकून पाहताना

आपल्या रोजच्या ऐकण्यातली रेकॉर्ड सोबत न्यावी. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पीकरवर आणि नेमक्या एकाच आवाजात ऐकावेत. किंचित मोठा लावलेला नेहमीच सरस वाटतो. गाणे थांबवून स्पीकरजवळ कान न्यावा. तेथे गुणगुण ऐकू आली, तर ती तानपुऱ्याच्या संथ सुरातही डोकावणार. रेकॉर्ड प्लेअर असल्यास ‘फोनो’ची सोय आहे का, ते विचारावे. ती नसल्यास वेगळी छोटी पेटी घ्यावी लागते.

परदेशातील नातेवाइकांकडून पेटी मागवण्याचा मोह होतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. तिकडची पेटी थेट आपल्या प्लगला लावली तर जळू शकते. शिवाय येथे वॉरंटी चालेलच असे नाही. दुरुस्ती आपल्याच शहरात होते का, हे बिल करण्यापूर्वी विचारावे.

घरी आणल्यावर पेटी बंद कपाटात कोंडू नये आणि वर क्रोशाचा रुमाल तर मुळीच घालू नये. उष्णता बाहेर पडण्यासाठीच वर जाळी असते. नीट जपलेला अ‍ॅम्प्लिफायर वीस-वीस वर्षे साथ देतो. तेव्हा दुकानात आणखी एक रविवार गेला तरी हरकत नाही. घाईने मात्र घेऊ नये.