घरची प्रयोगशाळा : हळदीचा तांबडा डाग

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडतो, त्यावर घाईघाईने साबण चोळला जातो आणि पाहता पाहता पिवळा डाग तांबडा होतो. मग धुणे धुणाऱ्या बाईंना बोल लागतो, किंवा ‘हळदीत भेसळ आहे’ असे म्हणून पुडा दुकानदाराकडे परत जातो. वस्तुतः दोघेही निर्दोष असतात. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातच मुलांना हे पटवून देता येते.

साहित्य घरचेच : हळद, टीपकागद, लिंबू आणि कपडे धुण्याचा साबण. हळद पाण्यात कालवून तिचा पातळ लेप कागदावर द्यावा, कागद सावलीत वाळवावा व त्याच्या पट्ट्या कापाव्यात. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकताच ती तांबडी होते. दुसरीवर लिंबाचा रस टाकला, तर ती पिवळीच राहते. तांबड्या ठिकाणी लिंबू पिळले की पिवळा रंग परत येतो. मुलांना सर्वाधिक नवल वाटते ते याचे.

हळदीला रंग देणारे द्रव्य म्हणजे करक्युमिन. १८१५ साली ते हळदीपासून प्रथम वेगळे करण्यात आले. आम्लात ते पिवळे राहते, अल्कलीत तांबडे होते. साबण अल्कधर्मी, लिंबू आम्लधर्मी. असा भेद रंगाने सांगणाऱ्या द्रव्यास ‘दर्शक’ म्हणतात. चुन्यानेही हळद लाल होते. परंतु चुना डोळ्यांस व त्वचेस इजा करतो, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये. साबणाचे पाणी वापरतानाही मोठ्यांनी जवळ असावे.

सदऱ्याची चिंता नको. साबण पाण्याने पूर्ण निघाला की डाग पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात फिका पडतो. कारण प्रकाशात करक्युमिनचे विघटन होते.

भेसळीची शंका असल्यास तिची परीक्षा निराळी आहे. काचेच्या पेल्यातील पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळी छटा देते. कृत्रिम रंग मिसळला असल्यास पाणी गडद पिवळे होते. अर्थात ही प्राथमिक खूण होय. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा.

काट्यावर तोलल्याशिवाय वजन लिहू नये, हे व्यापाऱ्याच्या घरातील मूल पेढीवर शिकते. पारखल्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, हे त्याने स्वयंपाकघरात शिकावे.