विश्लेषण : विषय अनिवार्य, पण श्रेयांक शून्य! विद्यापीठांत पर्यावरण शिक्षण कडेलाच का राहिले?

पर्यावरणाचा विषय देशातील पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन दशकांहून अधिक काळ अनिवार्य आहे. तरीही अनेक महाविद्यालयांत त्याची ओळख ‘सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढायचे जर्नल’ एवढीच उरली आहे. शाश्वत विकास स्वतंत्र विषय म्हणून शिकवावा की प्रत्येक विषयात मुरवावा, हा यातील कळीचा प्रश्न आहे.

हा विषय अनिवार्य कसा झाला?

एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यावर पुरेशी हालचाल झाली नाही. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान टोचले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात ५० तासिका होत्या. १०० गुणांपैकी ७५ लेखी परीक्षेला, तर २५ क्षेत्रभेटीला होते. या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्यातील पर्यावरणतज्ज्ञ डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले.

मग अडले कुठे?

कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांना एकच पुस्तक आणि एकच परीक्षा मिळाली. त्यामुळे विषयाचा आपल्या शाखेशी काय संबंध, हे विद्यार्थ्याला कळेनासे झाले. अभियांत्रिकीत तर विरोधाभास ठळक आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक होते. पर्यावरण विज्ञान अनिवार्य होते, पण त्याचे श्रेयांक शून्य! ज्या विषयाने निकालावर काही फरक पडत नाही, त्याला विद्यार्थी वेळ देणार नाहीत आणि महाविद्यालय त्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापकही नेमणार नाही, हे उघड आहे.

‘विषयात मुरवणे’ म्हणजे काय?

स्थापत्य अभियांत्रिकीचे उदाहरण घेऊ. काँक्रीटचे मिश्रण ठरवताना विद्यार्थी मजबुती आणि खर्च पाहतो. समजा, एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट लागते. त्यातील ३० टक्क्यांच्या जागी औष्णिक वीज केंद्रातील राख वापरली, तर १०५ किलो सिमेंट वाचते. सिमेंट तयार करताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक वाटा चुनखडी तापवताना होणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचाच असतो. त्यामुळे सिमेंट वाचवणे हाच मोठा उपाय ठरतो. मात्र, राखमिश्रित काँक्रीटला सुरुवातीची मजबुती उशिरा येते. सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावे लागते आणि काम लांबते. हा हिशेब काँक्रीटच्याच पेपरात विचारला, तर पर्यावरण हा निबंधाचा विषय न राहता अभियंत्याच्या निर्णयाचा भाग होतो.

नोकरीशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. बाजारमूल्यानुसार आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने २०२२-२३ पासून पर्यावरणविषयक तपशिलांसह शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. युरोपीय महासंघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदींच्या आयातीवर कार्बन शुल्काची पद्धत आणली असून, तिचा मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. माल बनवताना किती उत्सर्जन झाले, याची नोंद निर्यातदाराला द्यावी लागते. ती ठेवणारा अभियंता आणि तपासणारा लेखापाल याच महाविद्यालयांतून येणार आहेत.

महाराष्ट्रात वेगळा प्रयोग झाला का?

आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. तेथील अनुभवाच्या आधारे राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ मंजूर केले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील पाणी, ऊर्जा अशा प्रश्नांचा अभ्यास करावा आणि तो त्यांच्या शिक्षणाचा भाग असावा, ही त्यामागची कल्पना. गावातील नळयोजना का बंद पडली, हे शोधताना पंप, पाइप, वीजबिल आणि ग्रामपंचायतीचा हिशेब असे सगळेच समजून घ्यावे लागते.

पुढे काय करायला हवे?

कागदावर उणीव नाही. अभ्यासक्रमात पर्यावरण किती मिसळले, हे ‘नॅक’ विचारते आणि अभियांत्रिकीच्या मूल्यांकनातही त्याला जागा आहे. पण असे निकष पाहून फायली तयार होतात, तर विद्यार्थी अभ्यास करतो तो प्रश्नपत्रिका पाहून. म्हणून बदलाची सुरुवात अभ्यास मंडळांनी करायला हवी. प्रत्येक मुख्य विषयात संसाधनांचा हिशेब मागणारा एक तरी गुणांचा प्रश्न आणि तो शिकवण्यासाठी त्याच विषयाच्या प्राध्यापकांना प्रशिक्षण एवढे केले, तरी पुरे. आणखी एक अनिवार्य विषय वाढवला, तर आणखी एक जर्नल उतरवले जाईल, इतकेच.