गोळ्यांच्या पुढचा प्रश्न

रविवारी सकाळी पुण्या-मुंबईतून गावाकडे किंवा अमेरिका-दुबईतून पुण्या-मुंबईकडे जे फोन होतात, त्यांची प्रश्नपत्रिका ठरलेली असते. जेवण झाले का? गोळ्या घेतल्या का? साखर किती आली? गुडघा कसा आहे? पलीकडची उत्तरेही ठरलेली असतात. ‘बरं आहे’ एवढ्या दोन शब्दांत आठवडा आटोपतो, मग गाडी पावसापाण्यावर येते आणि फोन ठेवला जातो. या प्रश्नांमागे काळजी असते, यात शंका नाही. पण त्यांतला एकही प्रश्न असा नसतो, की ज्याचे उत्तर देताना आई किंवा बाबा खुर्चीत जरा सावरून बसतील.

‘सध्या काय वाचताय?’ हा तसा प्रश्न आहे. तो साहित्यप्रेमींनी एकमेकांना विचारायचा, संमेलनाच्या मांडवात शोभणारा प्रश्न, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो आरोग्याचाही प्रश्न आहे आणि रक्तदाब-साखरेच्या बरोबरीने विचारावा इतका उपयोगी आहे. मात्र त्याचे कारण मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सांगितले जाते, ते नाही.

‘फक्त सहा मिनिटे वाचा, ताण ६८ टक्क्यांनी कमी करा’ हा संदेश बहुतेकांनी कधी ना कधी पुढे पाठवलेला असतो. हा आकडा ब्रिटनमध्ये २००९ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगातला आहे. मोजक्या लोकांवर झालेला तो प्रयोग इतर तज्ज्ञांनी तपासून शास्त्रीय नियतकालिकात छापलेला शोधनिबंध नव्हे. दुसरा दावा अधिक वजनदार होता. २०१३ साली ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात आलेल्या निबंधात म्हटले होते, की दर्जेदार कथा-कादंबरीतला उतारा थोडा वेळ वाचला तरी दुसऱ्याच्या मनातले भाव ओळखण्याची क्षमता वाढते. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पुढे इतर संशोधकांनी जास्त लोकांना घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मधले २१ गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा जो उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. न टिकलेल्या प्रयोगांत हाही होता. पहिल्या बातमीला जेवढी जागा मिळाली, तेवढी दुसरीला मिळाली नाही, हे ओघानेच आले.

मग वाचनाच्या बाजूने भरवशाचा पुरावा काहीच नाही का? आहे, पण तो जपून वाचावा लागतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील पन्नाशीपुढच्या ३,६३५ जणांची १२ वर्षांची माहिती तपासली. पुस्तके न वाचणाऱ्यांच्या तुलनेत वाचणाऱ्यांमध्ये त्या काळातला मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी आढळला. गटातले २० टक्के लोक दगावण्याचा टप्पा पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये २३ महिने उशिरा आला. वर्तमानपत्रे आणि मासिके वाचणाऱ्यांपेक्षाही पुस्तके वाचणाऱ्यांचा फायदा जास्त होता. वय, शिक्षण, संपत्ती, आधीचे आजार यांचा हिशेब करूनही फरक उरला. तरीही हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. ज्याची नजर शाबूत आहे, ज्याला निवांतपणा आहे, ज्याचे मन थाऱ्यावर आहे, तोच पुस्तक हातात घेतो. पुस्तकामुळे तो टिकला, की टिकणारा होता म्हणून पुस्तकापर्यंत पोचला, हे अशा पाहणीतून पूर्णपणे सुटत नाही. शिकागोमधील संशोधकांनी २०१३ मध्ये वृद्धांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी करून दाखवले, की मेंदूची झीज सारखीच असली तरी वाचन-लेखनासारख्या गोष्टींत उतारवयापर्यंत गुंतून राहिलेल्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तुलनेने सावकाश उतरते. दिलासा देणारी गोष्ट आहे ही, पण इथेही तीच खबरदारी हवी.

तेव्हा ‘वाचा म्हणजे आयुष्य वाढेल’ असे छातीठोकपणे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. वाचनाबद्दल एकमेकांशी बोलण्याची बाजू मात्र बरीच भक्कम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये एकटेपणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला जवळपास १०० होतात, असा त्यातला अंदाज आहे. स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली. त्यांत समाजापासून तुटणे आहे, ऐकू कमी येणे आहे आणि दृष्टिदोषावर उपचार न होणे हेही आहे.

पुस्तक वाचणे हे तसे एकट्याचेच काम. केवळ वाचल्याने कोणाचा एकटेपणा जातो, असे नाही. पण ‘काय वाचताय?’ असे कोणी विचारले, की तेच पुस्तक दोघांचे होते. उत्तर देणाऱ्याला पात्रांची नावे आठवावी लागतात, आधी काय घडले आणि नंतर काय याचा क्रम लावावा लागतो, गोष्ट थोडक्यात सांगावी लागते आणि ‘मला हे काही पटले नाही’ असे स्वतःचे मतही द्यावे लागते. स्मरण, अवधान, भाषा, निर्णय या सगळ्यांना एका गप्पेत काम मिळते. मुख्य म्हणजे आजाराच्या चौकशीत जो माणूस फक्त रुग्ण असतो, तो इथे सांगणारा होतो आणि समोरचा ऐकणारा. निवृत्तीनंतर ज्यांचे कोणी फारसे ऐकून घेत नाही, त्यांच्यासाठी ही अदलाबदल लहान नाही.

या प्रश्नाचा दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा आहे. नैराश्य पडताळण्यासाठी जगभरचे डॉक्टर ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. त्यातला एक प्रश्न एकाग्रतेचा आहे आणि त्यासाठी दिलेले उदाहरण चक्क वर्तमानपत्र वाचण्याचे किंवा टीव्ही पाहण्याचे आहे. गेल्या दोन आठवड्यांत त्यात मन लागण्याला किती अडचण आली, असे तो विचारतो. उतारवयात रोजची कामे कितपत जमतात हे पाहण्यासाठी १९८२ पासून दहा बाबींची आणखी एक यादी वापरात आहे. त्यात पैशांचे व्यवहार, खरेदी, प्रवास यांच्या रांगेत एक बाब अशी आहे : टीव्हीवरचा कार्यक्रम, पुस्तक किंवा मासिक यांकडे लक्ष देता येते का, ते समजते का आणि त्याविषयी बोलता येते का. म्हणजे ज्या प्रश्नाला घरोघरी गप्पांचा विषय समजतात, तो वैद्यकाने कधीच आपल्या यादीत घेतला आहे.

त्यामुळे उत्तर नीट ऐकायला हवे. ‘हल्ली अक्षरं फार बारीक छापतात’ असे कोणी म्हणत असेल, तर दोष छापखान्याचा नसून चाळिशीचा नंबर बदलल्याचा किंवा मोतीबिंदूचा असू शकतो. ‘चार ओळी वाचल्या की डोळा लागतो’ याच्या मागे रात्रीची अपुरी झोप किंवा एखाद्या औषधाची गुंगी असू शकते. ‘पुस्तक समोर असतं, पण मनच लागत नाही’ हे वाक्य आळस म्हणून सोडून देण्याचे नाही. आणि दर महिन्याला वाचनालयातून दोन कादंबऱ्या आणणारी बाई तेच पान पुन्हापुन्हा वाचू लागली, पात्रांचे नातेसंबंध तिच्या हातून निसटू लागले, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. एका उत्तरावरून निदान होत नाही. जन्मात पुस्तक न उघडलेल्या माणसाने ‘काही नाही वाचत’ म्हटले, तर त्याचा काही अर्थ नाही. अर्थ असतो तो सवय बदलण्यात. हा बदल ओळखायचा, तर आधीची सवय माहीत असावी लागते आणि त्यासाठी हा प्रश्न बरे असतानाही विचारत राहावे लागते.

यावर एक आक्षेप येतो, की दाराबाहेर तीस रुग्ण बसलेले असताना डॉक्टरांनी पुस्तकांच्या गप्पा मारायच्या का? आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९८९ पासून बालरोगतज्ज्ञांनी तपासणीच्या वेळी मुलाच्या हाती पुस्तक देऊन आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगण्याची प्रथा सुरू केली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सौम्य नैराश्य आणि चिंतेसाठी डॉक्टर ठरावीक पुस्तके सुचवू शकतात आणि ती सार्वजनिक वाचनालयात मिळतात. इथल्या दवाखान्यांत इतके लगेच होणार नाही. पण प्रतीक्षाकक्षातल्या टीव्हीवर दिवसभर चालणाऱ्या भांडणांऐवजी वीस-पंचवीस पुस्तकांचे एक फडताळ ठेवायला वेळही लागत नाही आणि फारसा पैसाही. बाकी हा प्रश्न विचारण्याचे काम घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ज्येष्ठ नागरिक संघाचे आहे. तिथे घाई कोणाला असते?

दुसरा आक्षेप असा, की चालायची पावले मोजून झाली, आता पाने मोजायची का? तसे झाले तर या प्रश्नाची माती होईल. ‘किती पाने झाली?’ ही परीक्षा आहे. ‘मजा येतेय का?’ ही गप्पा आहे. पुष्कळ लोक या प्रश्नाला घाबरतात, कारण उत्तरात एखाद्या भारदस्त ग्रंथाचे नाव द्यायला हवे, असे त्यांना वाटते. मग उशीखाली बाबूराव अर्णाळकरांची रहस्यकथा असते आणि तोंडी भलतेच नाव येते. आरोग्याच्या दृष्टीने रहस्यकथा, दिवाळी अंक, पाककृतींचे पुस्तक, प्रवासवर्णन सगळे सारखे. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचीही मोकळीक हवी. रात्री वाचणाऱ्यांसाठी एवढीच सूचना, की पडद्यापेक्षा कागद बरा. झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप उशिरा लागते, असे बारा जणांवरच्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात दिसले आहे.

एकमेकांच्या वाचनाची खबर ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. अशा ठिकाणी ‘तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय’ म्हणत पुस्तक पुढे करणारा जुना ग्रंथपाल वाचकांच्या आवडीनिवडी तोंडपाठ ठेवत असे, आणि कोण बरेच दिवस फिरकले नाही हेही त्याच्या ध्यानात येई. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी पोथी होती. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे. मोतीबिंदूने नजर अधू झालेल्या आजीला आजही हे चालते. नातवाने रोज दहा मिनिटे वाचून दाखवले, की दोघांचेही काम होते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात २५ पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे राहते आणि काही महिन्यांनी पुढच्या गटाकडे जाते. पेटी फिरते म्हणून पुस्तके फिरतात, आणि पुस्तके फिरतात म्हणून ‘ते वाचलंत का?’ असे विचारायला शेजारच्याची बेल वाजवता येते. गृहसंकुलाच्या सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीपलीकडचा हा एक विषय होऊ शकतो.

अर्थात पुस्तक हे औषधाची जागा घेत नाही. मन न लागणे, झोप उडणे, जगण्यातला रस जाणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांकडेच जायला हवे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी उपलब्ध आहे. पुस्तकाचा प्रश्न तिथवर पोचण्याची गरज वेळेत लक्षात आणून देतो, एवढीच त्याची मर्यादा आणि एवढेच त्याचे मोल.

येत्या रविवारच्या फोनवर गोळ्यांची चौकशी होऊ द्यावी, ती हवीच. तिच्यानंतर हा एक प्रश्न जोडावा आणि स्वतः काय वाचत आहोत, हेही सांगावे. ‘वेळच मिळत नाही’ हे मुलाचे उत्तर असेल, तर आईच्या हाती उलटतपासणीची संधी येईल, तीही काही वाईट नाही. आणि पलीकडून एखाद्या पुस्तकाचे नाव आलेच, तर त्याच्या पुढच्या रविवारी विचारायला काहीतरी शिल्लक राहते : मग, पुढे काय झालं?