पाहण्याचा आळस

खानदेशाला चित्र पाहता येत नाही. हे वाक्य मी नशिराबादेत राहून, पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. इथं डोळ्यांची कमतरता नाही, चित्रांची तर नाहीच नाही. कमतरता आहे ती एका जागी उभं राहून पाहण्याच्या कष्टांची. हा आळस आपण इतकी वर्षं जोपासला आहे की आता तो आपल्याला स्वभावच वाटतो.

नशिराबादहून निघालं की जळगाव, नेरी, पहूर, फर्दापूर करत दोनेक तासांत माणूस अजिंठ्याला पोचतो. जगभरातले लोक ही लेणी पाहण्यासाठी आपल्या जळगाव स्टेशनावर उतरतात. आपण शाळेची सहल नेतो. मुलं रांगेनं लेण्यात शिरतात, रांगेनं बाहेर येतात, फोटो काढतात, डबे सोडतात आणि गाडीत बसतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर मुलाला कोणी थांबवत नाही. त्याची मान कुठं कलली आहे, नजर कुठं लागली आहे, हातातलं कमळ त्यानं किती हलकं धरलं आहे, हे कोणी विचारत नाही. कारण विचारणाऱ्या मोठ्या माणसानंही ते कधी पाहिलेलं नसतं.

पाहणं म्हणजे काय हे कळावं म्हणून आता एका इंग्रजाबद्दल बोलतो. लॉरेन्स बिन्यन 1869 साली लँकेस्टरला जन्मला. ऑक्सफर्डला शिकताना त्याला कवितेसाठी न्यूडिगेट पारितोषिक मिळालं. 1893 साली तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला आणि 1933 साली तिथूनच निवृत्त झाला. सप्टेंबर 1914 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याची ‘फॉर द फॉलन’ ही कविता आली. युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी आजही ब्रिटनमध्ये तिच्यातल्या ओळी म्हटल्या जातात. कविता लिहून तो घरी बसला नाही. चाळिशी उलटून गेलेला हा माणूस फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात रेडक्रॉसचा साधा मदतनीस म्हणून राबला.

बहुतेकांना त्याची ही एवढीच ओळख असते. पण म्युझियममध्ये वर्षानुवर्षं त्यानं केलं ते काम वेगळं होतं. छापचित्रं आणि रेखाटनं यांच्या विभागात बसून तो एकेक कागद उजेडात धरून पाहत होता आणि त्याची नोंद करत होता. म्युझियममधल्या इंग्रजी रेखाटनांची त्याची सूची चार खंडांची आहे. पुढं तो चीन आणि जपानच्या चित्रांकडे वळला. 1908 साली त्याचं पूर्वेकडच्या चित्रकलेवरचं पुस्तक आलं. इंग्लंडातली शिकलेली माणसं आशियातल्या चित्रांना गमतीची वस्तू समजत होती, तेव्हा हा कवी त्यांच्यासमोर विद्यार्थ्यासारखा बसला.

आणि मग अजिंठा. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या चित्रकर्तीनं 1909 ते 1911 या काळात नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुण चित्रकारांना सोबत घेऊन भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या 1915 साली लंडनच्या इंडिया सोसायटीनं पुस्तकरूपानं छापल्या. त्यात बिन्यनचा लेख आहे. 1925 साली मुकुल डे यांचं अजिंठा आणि बाघ इथल्या यात्रांवरचं पुस्तक आलं, त्याची प्रस्तावना बिन्यनची. 1930 साली निजामाच्या राज्यातल्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला, त्याचीही प्रस्तावना बिन्यनची. पंधरा वर्षांत तीनदा तो लेखणीतून एकाच डोंगराकडे परत आला. आपल्या तालुक्यातल्या किती कवींनी अजिंठ्यावर एकदा तरी मन लावून चार पानं गद्य लिहिलं आहे, याचं उत्तर ज्यानं त्यानं स्वतःला द्यावं.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, की इंग्रजाचं कौतुक कशाला? मी इंग्रजाचं कौतुक करतच नाही. जॉर्ज बर्डवूडही इंग्रजच. बेळगावात जन्मलेला, मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेला, इथल्या कारागिरीवर ग्रंथ लिहिलेला. 1910 साली लंडनच्या एका सभेत त्यानं हिंदुस्थानात ललित कला म्हणावी असं काही नाहीच असं ठणकावलं आणि ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. तो इथल्या मातीत जन्मला होता, तरी त्याला बुद्धाचा चेहरा दिसला नाही. बिन्यन म्युझियममधल्या टेबलाशी बसून अजिंठ्याच्या प्रती पाहत होता आणि त्याला तो दिसला. जवळ राहिल्यानं दृष्टी येत नाही, हे यातून समजावं. आपण अजिंठ्याच्या जवळ राहतो याचा आपल्याला फुकाचा गर्व आहे, आणि पाहण्यात आपण बर्डवूडच्या पंगतीला बसलो आहोत.

आणखी दोन इंग्रज सांगतो. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी शिकारीला आला, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या खांबावरच्या चित्रावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख खरवडली. पुढं रॉबर्ट गिल या चित्रकारानं इथं येऊन वर्षानुवर्षं प्रती केल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या, तरी त्यानं हातातला ब्रश ठेवला नाही. तो भुसावळात पुरला आहे, नशिराबादपासून हाकेच्या अंतरावर. स्मिथनं भिंतीला नाव दिलं, गिलनं भिंतीला आयुष्य दिलं. आपल्याकडच्या गडांच्या तटांवर आणि देवळांच्या खांबांवर बाणाचं काळीज काढून लिहिलेली नावं पाहा आणि आपण यातल्या कोणाचा वारसा चालवतो ते ठरवा.

आपल्याकडे आपलं कोणी नव्हतं अशी सबब तर अजिबात चालणार नाही. कवी मर्ढेकर जन्मले फैजपूरला. ज्यानं मराठी कविता उलथीपालथी केली त्याच माणसानं सौंदर्य म्हणजे काय याचा सांगोपांग विचार केला. रंग आणि नाद यांची रचना संवाद, विरोध आणि समतोल यांवर कशी उभी राहते हे मांडलं. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. कवी आणि कलाविचारक एकाच देहात हवा असेल तर तो आपल्याच जळगाव जिल्ह्यात जन्मला होता. द. ग. गोडसे याच जिल्ह्यातल्या वाढोद्याचे. ‘पोत’ या पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राच्या कलेची वीण हाताला लागेल अशी उलगडून दाखवली. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा मंडपाची सजावट केली नंदलाल बोसांनी, बांबूसारख्या इथल्याच साध्या सामानातून. अजिंठ्याच्या भिंती ज्यानं हातानं गिरवल्या होत्या, तो चित्रकार आपल्या केळीच्या बागांमध्ये येऊन राबून गेला. कवी बालकवीही धरणगावचे. निसर्गाचे रंग त्यांच्याइतके कोणी पाहिले? त्यांचा 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली अंत झाला. भादली आमच्या शिवाराला लागून आहे.

एवढी माणसं मिळूनही आपण त्यांचं काय केलं? जयंत्या केल्या. हार घातले. आपल्या साहित्य संमेलनांत मर्ढेकरांचं नाव घेतलं जातं, पण त्यांचा सौंदर्यविचार वाचून आलेला वक्ता दुर्मिळ असतो. कुठं चित्रप्रदर्शन भरलं तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक आणि आभार मानणारा यांची नावं असतात. भिंतीवर कोणतं चित्र होतं, त्यात कोणता रंग कुठं चढला आणि कुठं फसला, याला एक ओळ नसते. चित्रकारानं वर्षभर केलेल्या कामाची ही विटंबना आहे, आणि ती आपण सौजन्य म्हणून खपवतो.

शाळांचं त्याहून वाईट. मी शिकलो त्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताचे राहिलेले धडे भरून काढायला जायचा, आणि आजही ओळखीची मुलं तीच कथा सांगतात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना गर्दी होते, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की त्यांची जागा रिकामी ठेवणं कोणालाच पाप वाटत नाही. ज्या पिढीला आपण पाहायला शिकवलं नाही, तिच्याकडून अजिंठा जपला जाईल अशी आशा कोणत्या तोंडानं करायची?

आणि शेवटची सबब, सगळ्यांत आवडती: पोट भरल्यावर कला. कापसाला भाव नाही, अवकाळीनं केळी आडवी केली, तिथं चित्रं कसली पाहता? हा युक्तिवाद कष्टकऱ्याच्या नावानं केला जातो, आणि करणारा सहसा कष्टकरी नसतो. नशिराबाद एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी ओळखलं जायचं. तशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या त्या कारागिरांना काचेत कोणता रंग कधी उतरतो हे डोळ्यांनीच कळायचं. बोंड पाहून कापसाची प्रत सांगणारा शेतकरी आपल्या घरोघर आहे. गरिबाला पाहता येतं. त्याला पाहायला वेळ आणि निमित्त द्यायचं नाही, हे आपण वर बसलेल्या शिकल्यासवरल्यांनी ठरवलं आहे.

म्हणून खानदेशातल्या शिक्षकांना, संपादकांना आणि कवींना माझं स्पष्ट सांगणं आहे. पुढची सहल अजिंठ्याला नेलीत तर तीस लेणी धावत दाखवू नका. एक चित्र निवडा, मुलांना अर्धा तास त्याच्यासमोर उभं करा आणि घरी आल्यावर दिसलं ते त्यांच्या भाषेत लिहून घ्या. प्रदर्शनाची बातमी छापताना पाहुण्यांची नावं कापा आणि ती जागा चित्रांना द्या. संमेलनात मर्ढेकरांना हार घालण्याआधी त्यांचं पुस्तक उघडा. आणि कवींनो, वर्षातून एक दिवस स्वतःच्या कवितेतून बाहेर या, फर्दापूरची गाडी पकडा आणि पाहिलेल्या चित्रावर मराठीत चार पानं लिहा. यातल्या एकाही कामाला सरकारी मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. तरीही ते झालं नाही, तर दोष फक्त आपला असेल.