दिवा विझला, झडप उघडीच

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. फलकावरचा दिवा मात्र विझला. कारण झडप बंद करण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. झडप मिटली या समजुतीत, पाण्याची पातळी चढलेली पाहून चालकांनी आपत्कालीन पाणीही आवरले, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. याला ‘मानवी चूक’ म्हणणे मालकांना सोयीचेच! चालक कशावरून निर्णय घेतो हे न जाणता फलक कोणी आखला, हे मग विचारावे लागत नाही.

संगणकांबाबत हा अभ्यास कामगारांविना होता कामा नये. नॉर्वेच्या लोह-धातू कामगार संघटनेने सत्तरच्या दशकारंभी क्रिस्टेन न्यूगोर यांच्यासह संगणकांचा अभ्यास हाती घेतला. १९७५ मध्ये तेथे मालकसंघाशी करारही झाला. आपल्या मागणीपत्रकांत पडद्यावर काय दिसावे याचा उल्लेख क्वचितच असतो.