क्रमांक पाहिला, मूल पाहिले नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या गावाकडचे एक स्नेही जिल्हा परिषदेत लिपिक आहेत. त्यांचा मुलगा बारावी झाला आणि अभियांत्रिकीसाठी त्याच्यापुढे दोन पर्याय आले. एक महाविद्यालय घरापासून चार तासांवर, दुसरे दीड हजार किलोमीटरवर, परराज्यात. दूरच्या संस्थेचा क्रमवारीतील क्रमांक बराच वरचा होता. निर्णयाला हाती एक रात्र होती. स्नेह्यांनी मला दूरध्वनी केला. "साहेब, तुम्ही बाहेरच्या राज्यांत नोकरी केलेली. तुम्ही म्हणाल तसे करू." मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "वरच्या क्रमांकाचे घ्या." मुलाला काय हवे आहे हे मी विचारले नाही. तो त्या वेळी शेजारीच बसला होता, हे मला नंतर कळले.

दिवाळीला मुलगा घरी आला तो परत न जाण्याचा निश्चय करूनच. माहितीपुस्तिकेत वसतिगृहाचे आश्वासन होते. प्रत्यक्षात त्याला गावाबाहेर भाड्याची खोली घ्यावी लागली होती. वर्गात व्याख्यान इंग्रजीत सुरू होई आणि दहाव्या मिनिटाला स्थानिक भाषेत शिरे. तापाने चार दिवस पडून असताना कोणी चौकशी केली नाही. प्रवेश रद्द करायला गेल्यावर संस्थेने सांगितले, चारही वर्षांचे शुल्क भरा, मग मूळ गुणपत्रिका न्या. शेवटी मी तेथील कुलसचिवांशी बोललो, माझे पद सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. हे लिहिताना अभिमान वाटत नाही. ज्याच्या ओळखीत कोणी अधिकारी नाही, त्या लिपिकाच्या मुलाने काय करावे?

परराज्यात शिकायला जाणे चांगले की वाईट, हा माझा प्रश्नच नाही. जावे, अवश्य जावे. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या देशातील प्रवेशाची यंत्रणा जागा भरण्यासाठी बांधलेली आहे, मूल योग्य ठिकाणी पोहोचावे यासाठी नव्हे. आणि आपण पालक, शिक्षक व अधिकारी त्या यंत्रणेचीच भाषा घरात बोलू लागलो आहोत.

प्रथम क्रमवारी पाहू. शिक्षण संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्या सर्वसाधारण गटात अध्यापन व साधनसामग्री यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीच्या फलिताला २० टक्के, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० टक्के भार आहे. परराज्यांतून किती विद्यार्थी आले, यालाही सर्वसमावेशकतेत गुण आहेत. म्हणजे आलेल्यांची मोजणी होते. त्यांना खोली मिळाली का, व्याख्यान कळले का, आजारपणात कोणी विचारले का, हे विचारले जात नाही. यात क्रमवारीचा दोष नाही. ती संस्थांची तुलना करते. तिच्यावरून मुलांची पाठवणी ठरवतो, हा दोष आपला.

दुसरी गोष्ट अधिवासाची. 'प्रदीप जैन' प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या देशात अधिवास एकच, तो भारताचा. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. मात्र पदवीच्या पातळीवर चित्र काय आहे? राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या राज्यासाठी असतात, आणि तेथे 'आपले राज्य' म्हणजे जेथून बारावी उत्तीर्ण झालात ते. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी, काही अपवाद वगळता, अधिवासही लागतो आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात. म्हणजे लातूरचा मुलगा शिकवणीसाठी कोट्याला गेला आणि तेथूनच बारावी झाला, तर तंत्रज्ञान संस्थांच्या लेखी तो राजस्थानचा, आणि घरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात परका. हे त्याला पंधराव्या वर्षी कोणी सांगितलेले असते काय?

जातीच्या दाखल्याची कथा याहून कठोर आहे. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणला जाणारा एक विद्यार्थी मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात त्या सवलतीवर प्रवेश मागत होता. १९९० साली घटनापीठाने निर्णय दिला की एका राज्यातील अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी, दाखल्याचा नमुनाही वेगळा. केंद्रीय संस्था आणि परराज्यातील राज्य विद्यापीठ यांत हक्काच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे सतरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या निरक्षर आईने कोणत्या खिडकीवर विचारावे?

तिसरी गोष्ट वेळेची. २०२२ साली केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा प्रथम झाली, तेव्हा निकाल सप्टेंबरच्या मध्यास लागला आणि दिल्ली विद्यापीठात पहिल्या वर्षाचे वर्ग नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. तोवर राज्यांतील महाविद्यालयांचे सत्र निम्मे उलटलेले. श्रीमंत घरातील मूल दोन ठिकाणी पैसे भरून वाट पाहते; गरिबाघरचे मूल जे आधी मिळेल ते धरते. याला निवड म्हणत नाहीत.

चौथी गोष्ट परतीच्या वाटेची. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली. नियम उत्तम आहे. माझ्या स्नेह्याच्या मुलाला तो असूनही उपयोगी पडला नाही. त्याच अधिसूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की शुल्काचा परतावा शून्य. मूल रुळते की नाही हे कळायला एक सत्र लागते. नियम त्याला महिना देतो.

येथे मला माझ्याच सेवेचे उदाहरण द्यावेसे वाटते. भारतीय प्रशासन सेवेत निवड झालेल्या तरुणाला परक्या राज्याचे केडर मिळते, तेव्हा सरकार त्याला मसुरीच्या अकादमीत त्या राज्याची भाषा शिकवते, भारतदर्शनाला पाठवते, वर्षभर जिल्ह्यात प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवते. पदवीधर, पगारी माणसाला परक्या प्रांतात रुजायला वेळ आणि आधार लागतो, हे शासनाला मान्य आहे. मग सतरा वर्षांच्या मुलाला एक रात्र आणि एक संकेतशब्द पुरेसा कसा? परका प्रांत केवळ गैरसोयीचा नसतो, कधी जिवावरही बेततो. अरुणाचल प्रदेशातून शिकायला आलेला नीडो तानिया जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. समिती मृत्यूनंतर नेमायची, हीच आपली रीत आहे काय?

शासनाने करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत, खर्चाच्याही नाहीत.

१. पहिल्या वर्षातील परराज्यीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना वसतिगृह मिळाले आणि किती जण वर्ष पुरे होण्याआधी सोडून गेले, हे दोन आकडे प्रत्येक संस्थेने प्रवेशाआधी जाहीर करावेत.

२. कोणत्या राज्यात कोणती पात्रता, कोणता दाखला, हा तक्ता दहावीच्या निकालाबरोबरच शाळेत लावावा.

३. पहिल्या सत्राअखेर जाणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाचे शुल्क परत मिळावे, आणि प्रमाणपत्रे अडवणाऱ्या संस्थेला दंड व्हावा.

४. राज्यांच्या व केंद्राच्या प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवावे.

पालकांनीही आपले काम शासनावर ढकलू नये. क्रमांक पाहण्याआधी मुलाला विचारावे: तुला हा विषय हवा आहे की फक्त ही संस्था? तेथील भाषेची तुझी तयारी आहे का? घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर तू एकटा राहशील का? तेथे शिकणाऱ्या, आपल्याच भागातून गेलेल्या एखाद्या मुलाशी बोललास का? नाही जमले तर परत ये, असे आम्ही म्हणू, यावर तुझा विश्वास आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलापेक्षा आपल्याला अधिक द्यायचे असते.

तो मुलगा पुढच्या वर्षी चार तासांवरच्या महाविद्यालयात गेला. त्याचे एक वर्ष आणि वडिलांचे लाखावर रुपये गेले, त्यात माझ्या एका वाक्याचा वाटा आहे.

परवा त्याच स्नेह्यांचा धाकट्या मुलीसाठी पुन्हा दूरध्वनी आला. या वेळी मी म्हणालो, "आधी तिला बोलू द्या." तिला परराज्यातच जायचे आहे. विषय कोणता, तीच संस्था का, वसतिगृहाचे काय, सारे तिने शांतपणे सांगितले. मग मी वडिलांना एवढेच म्हटले, "चार दिवसांची रजा काढा आणि पैसे भरण्याआधी तिला घेऊन एकदा तिकडे जाऊन या."