देवाचे हिवाळ्यातील गाव

वाटाड्यासमवेत हिमालयात पदभ्रमणास निघणाऱ्या मंडळींना आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. उत्तराखंडातील चोपता येथून तुंगनाथ अवघे साडेतीन किलोमीटर. पंचकेदारांपैकी हे शिवमंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर आहे. ते पाहावे, वरच्या चंद्रशिलेवरून चौखंबाचे दर्शन घ्यावे. परंतु तेथूनच माघारी फिरू नये. हिवाळ्याच्या तोंडी मंदिराची कवाडे मिटतात आणि देवाची डोली खाली मक्कूमठास येते. पूजेचा मानही मक्कू गावच्या मैठाणी ब्राह्मणांकडे आहे. तुकडीने एक दिवस या गावासाठी राखावा. पालखीच्या परंपरेत वाढलेल्या आपणां मराठी जनांस हे नाते सहज उमगेल. शिखर दुरूनही दिसते. देवाला खांद्यावर वाहणारी माणसे मात्र भेटल्यावाचून कळत नाहीत.